वाचकांचे प्रश्न : परदेशी तैनात असलेल्या जवानाला पत्र लिहिताना

गेल्या अंकात सेना डाक सेवेविषयी ओघात दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या वाचून आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच निघाला : देशाबाहेर गेलेल्या आपल्या जवानांचे आभार मानायचे आहेत, ते कसे मानावेत? उत्तर देणाऱ्याने सोलापूरच्या टपाल कार्यालयात टपाल निवडता निवडता प्रतिनियुक्तीवर काही वर्षे सैन्याचे टपालही हाताळले आहे. टपाल खात्यातील पुष्कळ कर्मचारी असे कामठीला प्रशिक्षण घेऊन लष्करी गणवेशात जातात आणि मुदत संपली की पुन्हा आपल्या खिडकीवर येऊन बसतात. खालील उत्तरांत त्या दिवसांचा अनुभवच अधिक आहे.

प्रश्न : मी सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत आठवीची वर्गशिक्षिका आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेलेल्या भारतीय जवानांना माझ्या वर्गाने आभाराची बेचाळीस पत्रे लिहिली आहेत. ती कोठे पाठवावीत? नमुन्यादाखल दोन पत्रे सोबत जोडली आहेत. त्यांत काही सुधारणा हवी असल्यास कळवावे.

बाई, आधी पत्त्याचे पाहू, कारण असे उपक्रम बहुधा तेथेच अडतात. आपल्या सैन्याच्या पत्त्यात गावाचे नाव नसते. जवानाचा सेना क्रमांक, हुद्दा, नाव, तुकडीचे नाव, नऊने सुरू होणारा सहा अंकी पिनकोड आणि शेवटी ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘द्वारा ९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे सेना टपाल कार्यालय) एवढाच मजकूर पाकिटावर असतो. ५६ चे टपाल दिल्लीहून आणि ९९ चे कोलकात्याहून पुढे जाते. तुकडी लेहला आहे की लेबनॉनला, हे पाकीट हाताळणाऱ्या कोणालाही कळू नये, यासाठीच ही रचना केलेली आहे. त्यामुळे ‘भारतीय जवान, दक्षिण सुदान’ असे लिहून पेटीत टाकलेले पत्र कोणाच्याही हाती पडणार नाही. एपीओच्या पत्त्याला तिकीट देशांतर्गत दराचेच लागते. खासगी कुरिअर मात्र तेथे पोहोचत नाही, म्हणून टपाल कार्यालयाच्याच खिडकीवर जावे.

आता प्रश्न उरतो तो तुकडीचे नाव मिळवण्याचा. ते अनोळखी माणसाला कोणी सांगणार नाही आणि सांगूही नये. शाळेतील एखाद्या विद्यार्थ्याचे वडील, काका किंवा मामा शांतिसेनेत असतील, तर त्यांच्या घरच्यांमार्फत त्यांना विचारावे आणि त्यांनी स्वतः दिलेल्या पत्त्यावर सगळी पत्रे एकाच पाकिटात, तुकडीच्या कमान अधिकाऱ्यांच्या नावे, मुख्याध्यापकांचे पत्र जोडून पाठवावीत. असे कोणी ओळखीचे नसेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारावे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला शाळेच्या शिक्क्यानिशी पत्र लिहून मार्गदर्शन मागण्यासही हरकत नाही. शांतिसेनेतील तुकड्या साधारणपणे वर्षभराने बदलतात, हे लक्षात ठेवून सणाच्या किंवा राष्ट्रीय दिनाच्या निदान दोन महिने आधी पाकीट हातावेगळे करावे.

तुम्ही पाठवलेली दोन्ही पत्रे मी काळजीपूर्वक वाचली. अक्षर सुंदर आहे, शुद्धलेखन तर आमच्या टपाल खात्याला लाजवील असे आहे. परंतु दोन्ही पत्रांची सुरुवात ‘आपण देशाच्या सीमेवर डोळ्यांत तेल घालून पहारा देता, म्हणून आम्ही सुखाने झोपतो’ या वाक्याने झाली आहे. हे वाक्य मुलांचे नाही, फळ्यावरचे आहे, आणि ज्यांना ते पाठवायचे आहे त्यांना ते लागूही पडत नाही. दक्षिण सुदानमध्ये गेलेला जवान आपल्या सीमेवर उभा नसतो. तो यादवीमुळे घरदार सोडून आलेल्या लोकांच्या छावणीची राखण करतो, पावसाने वाहून गेलेला रस्ता पुन्हा बांधतो, दवाखाना चालवतो. भारतीय तुकड्यांबरोबर पशुवैद्यही जातात आणि तेथील गुराख्यांच्या गाईंवर उपचार करतात. लांब शिंगांच्या त्या गाई म्हणजे तेथील माणसांचे सर्वस्व असते, लग्नातील देणेघेणेसुद्धा गाईंत मोजले जाते. ही माहिती मुलांना आधी द्या. आपण कशाबद्दल आभार मानत आहोत हे एकदा कळले, की वाक्ये आपोआप त्यांची स्वतःची होतील.

येथे एक आठवण सांगतो. मी पूर्वेकडच्या एका ठाण्यावर असताना कोणत्याशा शाळेकडून आलेला पत्रांचा गठ्ठा उघडला गेला. तीस-पस्तीस पत्रे ‘वीर जवान, तुझे सलाम’ छापाची होती आणि ती सर्वांनी आदराने वाचून बाजूला ठेवली. एका पत्रात मात्र एका मुलाने लिहिले होते की, आमच्या म्हशीला काल रेडकू झाले, आज बाबा चीक घेऊन मामाकडे गेले आहेत आणि मी घरी एकटा असल्यामुळे हे पत्र लांबवत आहे. ते पत्र लंगरच्या, म्हणजे जवानांच्या जेवणघराच्या, भिंतीवर महिनाभर लावलेले होते. राजस्थानचा शिपाई ते हिंदीत करून केरळच्या शिपायाला सांगे आणि मग दोघेही आपापल्या घरच्या गुरांबद्दल बोलत बसत. त्या पत्रात आभाराचा शब्द होता की नाही, हे आज मला आठवत नाही.

मराठी माणूस घरच्या माणसाचे आभार सहसा मानत नाही, तो ‘जेवलास का’ म्हणून विचारतो. तुमच्या मुलांनीही तसेच लिहावे. पंढरपुरी म्हशीची तलवारीसारखी लांब शिंगे पाहिलेल्या मुलाने ती जरूर वर्णन करावीत, कारण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा दक्षिण सुदानच्या गाई असतील. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसल्यावर पोटात काय झाले, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत कोण हरवले, हुरड्याबरोबर कोणती चटणी होती, हे सगळे चालेल. आभाराचे एक वाक्य शेवटी पुरे आहे, मात्र ते नेमके असावे.

भाषेचे म्हणाल, तर मराठी तुकडीला मराठीतच लिहावे. तुकडी कोणती हे ठाऊक नसेल, तर सोपी हिंदी बरी. तुमच्या वर्गात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुले असणारच, सोलापुरात ती नसतील असा वर्ग शोधावा लागेल. त्यांनी आपल्या भाषेतील चार ओळी खाली लिहिल्या, तर त्या वाचू शकणारा कोणीतरी तेथे नक्की निघतो आणि त्याचा आनंद वेगळाच असतो. आणखी एक गोष्ट : दोन्ही पत्रांचा मायना ‘प्रिय जवान दादास’ असा आहे. दक्षिण सुदानमधील कामाबद्दल मेजर सुमन गवानी यांना आणि काँगोतील कामाबद्दल मेजर राधिका सेन यांना संयुक्त राष्ट्रांनी गौरविले आहे. तेव्हा पाकीट एखादी ताईही उघडू शकते, हे मुलींना मुद्दाम सांगावे.

पत्रावर मुलाचे पहिले नाव आणि शाळेचा पत्ता एवढेच असू द्या. घरचा पत्ता व फोन नंबर नको. तुम्ही नेमके कोठे आहात, किती जण आहात, कोणती शस्त्रे आहेत, असे प्रश्न मुले कुतूहलाने विचारतात. ती वाक्ये तेवढी गाळावीत.

प्रश्न : माझा मुलगा सध्या शांतिसेनेच्या तुकडीतून परदेशी आहे. बार्शी तालुक्यातील आमच्या गावच्या तरुण मंडळाला त्याच्या आभाराचा मोठा फ्लेक्स एसटी स्टँडसमोर लावायचा आहे आणि त्याचा फोटो सर्व ग्रुपवर पाठवायचा आहे. मुलगा ‘नको’ म्हणतो. मंडळाची पोरे नाराज होत आहेत. काय करावे?

मुलाचे ऐकावे. तुम्ही पत्रात त्याच्या तुकडीचे आणि देशाचे नाव लिहिले होते. ते मी वर मुद्दाम गाळले आहे, आणि मंडळानेही तसेच करावे. तुकडीचे नाव, ठिकाण, गणवेशातील छायाचित्र आणि परतण्याची तारीख या चार गोष्टी एकत्र येऊ देऊ नयेत, कारण पाकिटावरून गावाचे नाव काढण्यासाठी सैन्याने जी खटपट केली आहे, ती एका फ्लेक्सने वाया जाते.

ही सावधगिरी आजची नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या भारतीय शिपायांची पत्रे तपासणीसाठी उघडली जात, तेव्हा काही जण घरी ‘काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरात आहे’ अशा अर्थाचे लिहीत. काळी मिरी म्हणजे हिंदी पलटणी आणि लाल मिरची म्हणजे गोऱ्या पलटणी. तपासणाऱ्यांनाही ते कळले होते, म्हणून तर आज आपल्याला ते ठाऊक आहे.

मंडळाच्या मुलांना एक काम सुचवा. तुम्ही उभयता घरी आहात, शेतातील कामे आहेत, बँकेचे व दवाखान्याचे हेलपाटे आहेत. मुलगा परत येईपर्यंत त्यांतील एकेक काम एकेकाने वाटून घ्यावे आणि तसे त्याला फोनवर सांगावे. तेथे त्याला घोर लागलेला असतो तो याच गोष्टींचा. फ्लेक्स लावायचाच असेल, तर तो सुट्टीवर आल्यावर, त्याला विचारून लावावा.

प्रश्न : आमच्या महिला बचत गटाला परदेशातील जवानांसाठी शेंगा चटणी, कडक भाकरी आणि सोलापुरी चादरी पाठवायच्या आहेत. टपालाने जातील का?

ताई, भावना मोठी आहे, पण टपालाच्या थैलीला भावना कळत नाही. शेंगा चटणी टिकते हे खरे. तरी तिचे तेल सुटते आणि त्या थैलीतील इतरांची पत्रे तेलकट होतात, हे मी या हातांनी पुसलेले आहे. दुसरे असे की, खाद्यपदार्थ परदेशी नेताना त्या त्या देशाचे नियम आडवे येतात. कडक भाकरीचे बोलायचे, तर ती पोहोचेल, पण चुऱ्याच्या रूपाने. चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आपल्याला तिचा अभिमानही आहे, परंतु दक्षिण सुदानच्या उकाड्यात ती पांघरणार कोण? शिवाय परतताना जवानाला सामानाच्या वजनाची मर्यादा असते. त्यापेक्षा सोलापुरी टॉवेल हलका, रोज लागणारा आणि घडी करून ठेवता येणारा आहे.

ओळखीचा जवान सुट्टी संपवून निघाला असेल, तर काय नेता येईल हे त्यालाच विचारून त्याच्या हाती द्यावे. उरलेली रक्कम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ध्वजदिन निधीला भरून पावती घ्यावी. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो आणि त्या निधीतून माजी सैनिक, वीरपत्नी व त्यांच्या मुलांना मदत होते. तुमच्या गटातील चटणी विकून ही रक्कम उभी केली, तर चटणीही सत्कारणी लागेल.

प्रश्न : मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकतो. शांतिसेनेतील जवान भारताच्या संरक्षणासाठी गेलेले नाहीत, त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रे आपल्या सरकारला पैसे देतात. मग त्यांचे आभार आपण का मानावेत? ज्यांच्यासाठी ते गेले, त्यांनी मानावेत.

प्रश्न रोखठोक आहे आणि त्यातील माहितीही बरोबर आहे. सैन्य पुरवणाऱ्या देशांना संयुक्त राष्ट्रे ठरावीक दराने परतफेड करतात. पण तो व्यवहार दोन संस्थांमधला झाला. जवानाने जो धोका पत्करला, तो त्या हिशेबात येत नाही. गेल्या सात दशकांत सुमारे पन्नास मोहिमांत आपले अडीच लाखांहून अधिक जण गेले आणि त्यांपैकी १६० हून अधिक परत आले नाहीत. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया त्यांतलेच एक. काँगोतील एलिझाबेथव्हिल येथे ५ डिसेंबर १९६१ रोजी मूठभर गुरख्यांनिशी त्यांनी कितीतरी मोठ्या सशस्त्र टोळीवर चाल केली आणि तेथेच ते पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काम करताना हा मान मिळालेले ते एकमेव भारतीय आहेत.

त्याआधी कोरियात १९५० साली आपण लढाऊ पलटण पाठवली नव्हती, ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठवले होते. १९५३ मध्ये युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी आपली संरक्षा सेना तेथे गेली. त्या सैनिकांच्या टपालासाठी आपल्या तिकिटांवर देवनागरीत ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असा छाप मारलेला होता. कटक म्हणजे सैन्य, हा शब्द आपल्या जुन्या मराठीलाही परका नाही. माझ्यासारख्या टपालवाल्याला त्या तिकिटाचे अप्रूप वाटते ते यासाठी की, घरापासून हजारो मैलांवरच्या त्या शिपायाला पत्रे लिहिता यावीत, म्हणून कोणीतरी खास तिकिटे काढली होती.

तुम्ही सोलापूरचे आहात, म्हणून एक उदाहरण घरचेच देतो. भैय्या चौकातील स्मारकावरून तुम्ही रोज जात असाल. १९१० साली सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपानशी लढणाऱ्या तेथील कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. ते सैनिक म्हणून गेले नव्हते आणि ते युद्धही सोलापूरचे नव्हते. ‘ज्यांच्यासाठी गेले त्यांनी आभार मानावेत’ हा तुमचा नियम चीनने पाळला आहे. शीजियाच्वांग येथे त्यांची समाधी आहे आणि भारतात येणारे चिनी नेते कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले आहेत. पण मग आपण त्यांचे स्मारक कशासाठी उभारले? हा प्रश्न तुमच्या प्राध्यापकांना विचारावा. उत्तर मिळाले, तर मलाही कळवावे.

प्रश्न : माझ्या बहिणीचा नातू अमेरिकेच्या सैन्यात असून सध्या जपानमध्ये आहे. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना सोलापूरहून शुभेच्छापत्रे पाठवायची आहेत. पत्त्यावर जपान लिहावे का?

लिहू नये. अमेरिकी सैन्याच्या पत्त्यातही ‘एपीओ’ असते, त्यापुढे प्रशांत विभागासाठी ‘एपी’ व युरोप विभागासाठी ‘एई’ ही अक्षरे आणि पिनकोडसारखा त्यांचा झिप क्रमांक येतो. येथून पाठवताना शेवटची ओळ ‘यूएसए’ अशीच हवी. जपान लिहिले, तर पाकीट जपानच्या टपालात शिरून भटकत राहील. हे परदेशी टपाल असल्याने तिकीटही त्याच दराचे लागेल. सोबत्यांची पत्रे नातवाच्याच नावे, एका पाकिटात पाठवावीत. पूर्वी तिकडे ‘कोणाही सैनिकास’ अशा पत्त्यावरची पत्रे स्वीकारली जात. २००१ मध्ये पाकिटांतून अँथ्रॅक्सची भुकटी पाठवली गेल्यानंतर ती सोय बंद झाली.

प्रश्न : माझे आजोबा सैन्यातून निवृत्त झाले असून आमच्यासोबत सोलापुरातच राहतात. ते १९८८ मध्ये श्रीलंकेत होते, एवढेच आम्हाला माहीत आहे. ते त्याविषयी काही बोलत नाहीत. ट्रंकेत एक पदक सापडले, त्याच्या फितीवरील पट्टीवर त्या देशाचे नाव आहे. मी अकरावीत आहे. इतक्या वर्षांनी आभार मानले, तर त्यांना चालेल का?

बेटा, ते विदेश सेवा पदक असावे. १९८७ ते १९९० या काळात आपली शांतिसेना (संयुक्त राष्ट्रांची नव्हे, भारताने स्वतः पाठवलेली) श्रीलंकेत होती. हजाराहून अधिक जवान तेथे कामी आले आणि जी कामगिरी सांगून पाठवले होते, ती तेथे पोहोचल्यावर पार बदलून गेली. १९९० च्या मार्चमध्ये शेवटच्या तुकड्या मद्रास बंदरात उतरल्या, तेव्हा त्या राज्याचे मुख्यमंत्रीही त्यांच्या स्वागताला गेले नव्हते. लढाई संपवून आलेल्या माणसाला घरी परतल्यावर कोणी काही विचारले नाही, तर तोही मग काही सांगत नाही.

तेथे काय झाले, हे त्यांना विचारू नकोस. सांगावेसे वाटले, तर ते सांगतील. त्या वर्षी घरी काय चालले होते, हे आजीला विचार : तुझे बाबा तेव्हा कितवीत होते, पत्र किती दिवसांनी यायचे, दिवाळी कशी झाली. मग आजोबांना एक अंतर्देशीय पत्र लिही आणि १९८८ ची ती सगळी हकीकत, आजीकडून कळली तशी, त्यांना कळव. तेव्हा त्यांना न पोहोचलेल्या काही गोष्टी त्यात असतील. घरातच आहेत म्हणून पत्र हातात देऊ नकोस. त्यांच्या पूर्ण नावापुढे हुद्दा लिही, घराचा पत्ता घाल आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाक. दोन-तीन दिवसांनी दुपारी पोस्टमन येईल, तेव्हा दार त्यांनाच उघडू दे.